दारे धरणारे हात

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात उसाला पाणी द्यायची पाळी बहुतेक वेळा रात्रीचीच यायची. कंदील आणि खोरे घेऊन वडील निघून गेले आणि मागाहून कोणी चौकशी करीत आले, तर आई सांगायची, "दारं धराया गेल्यात." लहानपणी एकदोनदा हट्ट करून मीही त्यांच्यामागे गेले. दंडातून पाणी खळाळत यायचे. एका सरीचे तोंड मोडून ते आत घ्यायचे, सरी भरत आली की खोऱ्याभर चिखलाने तिचे तोंड बांधायचे आणि लगेच पुढच्या सरीचे मोडायचे. रात्रभर एवढेच काम. अंधारात सरीचे दुसरे टोक दिसत नसे. पाणी तिथवर पोचले हे कळते कसे, असे मी विचारले तेव्हा वडिलांनी मला सरीच्या तोंडाशी अनवाणी उभे केले. घोट्याशी पाणी जरासे तुंबून वर चढते आणि त्याची ओढ मंदावते. हे जाणवले की दार बांधायची वेळ झाली. उशीर झाला तर सरी फुटते, आणि फुटलेले पाणी माघारी आणता येत नाही.

हृदयाच्या स्नायूपेशींतल्या आयन चॅनेलांवर मराठीत पुस्तक लिहायचे ठरवले तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते घोट्याशी चढणारे हे पाणी. तीस वर्षे मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले. चॅनेल म्हणजे पेशीच्या पटलातले प्रथिनाचे दार, ते उघडले की आयन आत-बाहेर जातात आणि ठोका पडतो, असे फळ्यावर आकृती काढून सांगत आले. त्यात खोटे काही नव्हते. पण सगळा भर दारावर पडला आणि दार धरतो कोण, हे शिकवायचे राहून गेले. परीक्षेत विद्यार्थी दारांची नावे धडाधड लिहीत. घाबरल्यावर छाती का धडधडते आणि धडधडूनही ताल का सुटत नाही, असे विचारले की मात्र गप्प होत. या पुस्तकाचा रोख त्या धरण्याकडे आहे.

ही प्रस्तावना मी कुंभकोणममध्ये बसून लिहिते आहे. माझे सासर इथले, तंजावूरच्या भोसले राजांच्या काळात इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांपैकी एक. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 साली याच गावी अशाच एका मराठी कुटुंबात जन्मले. गावाच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला तिचाच फाटा अरसलार. कावेरीवरचे मेट्टूर धरण 1934 साली पुरे झाले, आणि 12 जूनला त्याचे दरवाजे उघडायचे असा इथला प्रघात आहे. करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्लणै बंधाऱ्यापाशी ते पाणी वाटले जाते, मग नद्या, नद्यांचे कालवे, कालव्यांवरचे मदगु म्हणजे दरवाजे, आणि शेवटी वायक्काल, म्हणजे आपला पाट. आमच्या घरामागून असा एक वायक्काल जातो. भाताच्या खाचराशी चिखलात उभा राहून बांध मोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा भाषा सोडून सगळे ओळखीचे वाटले.

त्या माणसाच्या हातात किती थोडे असते आणि किती मोठे असते, हे इथे राहून कळले. मेट्टूर कधी उघडायचे ते सरकार ठरवते, मदगु कधी वर घ्यायचा ते पाटबंधारे खाते. पण या खाचरात पाणी आता घ्यायचे की घटकाभराने, हे बांधावरचा माणूसच ठरवतो. वरून भरपूर पाणी आले आणि बांधावर माणूस नसला तर पीक बुडते. हृदयाच्या पेशीतही कारभार असाच तीन पातळ्यांवर चालतो. मज्जातंतू आणि रक्तातली संप्रेरके सगळ्या हृदयाला एकदम हुकूम देतात. पेशीच्या आत तो हुकूम कुठवर पोचवायचा याची वाटणी होते. आणि प्रत्येक चॅनेलला चिकटून बसलेली छोटी प्रथिने त्या त्या दाराचा त्या त्या क्षणाचा निर्णय घेतात. अशी दारे एकेका पेशीत हजारोंनी असतात, आणि दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ती सगळी ठरल्या क्रमाने उघडून मिटावी लागतात.

पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर थोडे. सोडियमचे नेमके उलट. कॅल्शियमची तफावत सगळ्यांत मोठी: विसाव्यातल्या पेशीत ते बाहेरच्यापेक्षा दहा हजारांहून अधिक पटींनी कमी असते. ठोक्याच्या सुरुवातीला सोडियमची दारे उघडतात आणि मिलिसेकंदाच्या आत-बाहेर मिटूनही जातात. त्या धक्क्याने कॅल्शियमची दारे उघडतात आणि आत आलेले कॅल्शियम स्नायूला आकुंचन पावायला लावते. शेवटी पोटॅशियमची दारे उघडून पेशी पुन्हा विसाव्याला येते. मज्जातंतूत ही सगळी लाट एकदोन मिलिसेकंदांत आटोपते, हृदयाच्या जवनिकेत मात्र ती 300 मिलिसेकंदांच्या आसपास चालते. एवढा वेळ रक्त ढकलायला लागतो, आणि ती पुरी होईपर्यंत पेशी दुसरा हुकूम ऐकत नाही. हा बहिरेपणा हृदयाचे मोठे संरक्षण आहे. तो कमीजास्त झाला की ताल बिघडतो.

हृदयाला कॅल्शियम लागते याचा शोध लागला तो पाण्याच्या गफलतीतून. 1882 साली लंडनमध्ये सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ चालते ते बघत होते. हृदय तासन्‌तास चालले. त्यांनी तसे छापले. पुढे तेच प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात केले तर हृदयाची ताकद थोड्याच वेळात गेली. चौकशी केल्यावर कळले, की आधीचे द्रावण नळाच्या पाण्यात बनवलेले होते. लंडनच्या न्यू रिव्हर कंपनीच्या त्या पाण्यात चुन्याचा अंश होता, म्हणजे कॅल्शियम. रिंगरनी 1883 साली नवा लेख लिहून आपली आधीची चूक उघडपणे सुधारली. आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही जुलाबाच्या रोग्याला 'आरएल लावा' म्हणतात, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर. त्या बाटलीत सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम तिन्ही असतात. मी पहिल्या वर्षाच्या वर्गात आरएलची बाटली नेऊन तिच्यावरचे लेबल मोठ्याने वाचून दाखवायची. हृदयाला काय लागते हे तिच्यावर छापलेलेच असते.

आता कॅल्शियमच्या दाराकडे जरा थांबून बघू, कारण धरण्याची खरी गोष्ट इथे आहे. भीती वाटली, पळावे लागले, की ॲड्रेनालिनने कॅल्शियमचा प्रवाह वाढतो आणि ठोका जोरकस पडतो. हे कसे घडते? ॲड्रेनालिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या ग्राहकावर बसते. आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होतो. तो एका विकराला जागे करतो, आणि ते विकर निरनिराळ्या प्रथिनांना फॉस्फेटचा ठिपका लावत सुटते. एकेका चॅनेलमधून जाणारा प्रवाह मोजायची पद्धत एर्विन नेअर आणि बर्ट झाकमान यांनी 1976 साली शोधली. त्या पद्धतीने 1980च्या दशकात दिसले, की ॲड्रेनालिनने कॅल्शियमचे दार रुंद होत नाही. ते वारंवार उघडते आणि जास्त वेळ उघडे सापडते, इतकेच. पाटकरी सरीचे तोंड मोठे करीत नाही, तिला जास्त वेळ पाणी देतो. तसेच.

या कहाणीतला एक भाग मुंबईत घडलेला आहे आणि तो मराठी वाचकाला कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. 1970च्या दशकात मुलुंडच्या होएक्स्ट संशोधन केंद्रात आयुर्वेदाला ठाऊक असलेल्या वनस्पतींची पद्धतशीर तपासणी चालली होती. तुळशीच्या कुळातल्या कोलियस नावाच्या झुडपाच्या मुळांच्या अर्काने प्राण्यांचा रक्तदाब उतरे आणि हृदयाचे आकुंचन मात्र वाढे. ही तीच मुळे, ज्यांचे गुजरातेत 'गरमर' म्हणून लोणचे घालतात. नोएल डिसूझा, सुजाता भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली त्यातल्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचे नाव फोर्स्कोलिन. पुढे 1981 साली अमेरिकेत बेथेस्डा इथे केनेथ सीमन आणि जॉन डेली यांनी दाखवले, की हे द्रव्य ग्राहकाला वळसा घालून सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या विकरालाच थेट चालू करते. त्यामुळे एक मोठी सोय झाली. ॲड्रेनालिन न घालता, मधला निरोप्या तेवढा वाढवून, पुढे चॅनेलचे काय होते ते बघता येऊ लागले. जगातल्या प्रयोगशाळांत चॅनेलांच्या नियमनावर काम करणाऱ्याच्या फ्रीजमध्ये फोर्स्कोलिनची कुपी असतेच. आता ते झुडूप तमिळनाडूतच, सेलमच्या बाजूला, पीक म्हणून लावतात. कुंभकोणमच्या बाजारात कोणाला त्याचे नाव विचारले तर माहीत नसते. मुलुंडमध्येही फारसे नसावे, याचे मला जास्त वाईट वाटते.

फॉस्फेटचा तो ठिपका नेमका कुठे लागतो, हे शोधायला पुढची तीसपस्तीस वर्षे गेली. सगळ्यांची समजूत अशी, की तो चॅनेलच्याच अंगावर लागत असणार. संशयित जागा एकामागून एक सापडल्या. त्या बदलून पाहिल्या, तरी ॲड्रेनालिनने प्रवाह वाढायचा तो वाढतच राहिला. शेवटी उंदरांमध्ये संशयातल्या सगळ्या जागा एकदम निकामी केल्या, तरीही तेच. मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत हृदयात चॅनेलच्या शेजारीपाजारी कोणकोण प्रथिने असतात याचीच मोजदाद केली. ॲड्रेनालिन दिल्यावर शेजारून एक प्रथिन कमी झालेले दिसले. त्याचे नाव रॅड. 2020 साली हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. रॅड एरवी दाराला अडवून बसलेले असते. फॉस्फेट लागते ते त्याला, आणि ते लागले की त्याची पटलावरची पकड सुटते, ते बाजूला होते आणि दार मोकळे होते.

हे मी वाचले तेव्हा उठून अंगणात आले. मागच्या वायक्कालमध्ये त्या माणसाने गवताच्या पेंढीवर चिखल थापून एक तोंड बंद केले होते. पाणी द्यायची वेळ झाली की तो पेंढी उचलतो, बांधाला हात लावत नाही. इतकी वर्षे आम्ही सगळे बांध तपासत बसलो होतो.

दार उघडण्याइतकेच ते वेळेवर मिटणे जपावे लागते. कॅल्शियमच्या चॅनेलला आतल्या बाजूने कॅल्मोड्युलिन नावाचे एक छोटे प्रथिन कायम धरून असते. आत आलेले कॅल्शियम त्याला चिकटले की ते चॅनेलला मिटायला लावते. म्हणजे आलेल्या पाण्यानेच दार बांधले जाते. घोट्याशी चढणारे पाणी ते हेच. वडिलांचा पाय जे काम करी तेच कॅल्मोड्युलिन करते, आणि मिलिसेकंदांत करते. हे प्रथिन इतके मोलाचे आहे, की माणसात एकच कॅल्मोड्युलिन बनवणारी तीन निरनिराळी जनुके आहेत, म्हणजे आईवडिलांकडून मिळून सहा प्रती. 2012 आणि 2013 साली काही कुटुंबांत आणि अगदी तान्ह्या मुलांत असे आढळले, की या सहांतली एक प्रत बिघडली तरी हृदयाचा ताल जीवघेणा बिघडू शकतो. बाकीच्या पाच प्रती ठीक असून भागत नाही. ही गोष्ट शिकवताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा, आणि तो लपवावा असे मला कधी वाटले नाही.

बाहेरून आलेले कॅल्शियम तसे मूठभरच असते. ते पेशीच्या आतल्या कोठारावरची दारे उघडते, आणि आकुंचनाला लागणारे बरेचसे कॅल्शियम त्या कोठारातून येते. या आतल्या दारांना रायनोडिन ग्राहक म्हणतात. इथे कुंभकोणमच्या कॉफीची आठवण आपोआप येते, कारण ती दारे सताड उघडायला प्रयोगशाळेत जे द्रव्य वापरतात ते म्हणजे कॅफीन. कोठारात किती कॅल्शियम साठले आहे हे मोजायचे असले, की पेशीवर कॅफीनचा फवारा मारून सगळे एकदम बाहेर काढतात. गावात सकाळी पितळी डबरा-टंबलरमध्ये फेसाळती डिग्री कॉफी घेताना सासरच्या मंडळींनी मला काळजीने विचारले होते, की मग ही कॉफी हृदयाला वाईटच का? तर नाही. कॉफीनंतर रक्तात जेवढे कॅफीन असते त्याच्या काही शे पट प्रयोगात वापरतात. पेल्यातली कॉफी छातीत हलकी धडधड आणते ती बहुतांशी दुसऱ्या वाटेने, ॲडेनोसिनचे ग्राहक अडवून. तीच वस्तू मात्रेनुसार निराळ्याच दारावर जाऊन काम करते, हे विद्यार्थ्यांच्या मनात ठसायला मला या उदाहरणाइतके चांगले दुसरे मिळाले नाही.

पोटॅशियमच्या दारांविषयी लिहायचे तर मला एका मुलीविषयी लिहावे लागेल. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. विहिरीत पोहताना ती बुडता बुडता वाचली, नाकातोंडात पाणी गेले असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिले. पुढे कुत्रे मागे लागले म्हणून पळताना ती कोसळली, हातपाय झटकले. एका ठिकाणी फिट म्हणून निदान झाले आणि दोन वर्षे फिटच्या गोळ्या चालल्या. ईसीजी कोणी काढला नव्हता. तो निघाला तेव्हा मी योगायोगाने तिथे होते. कागदाची पट्टी लांब होती, आणि ठोक्याच्या सुरुवातीपासून शेवटच्या टेकाडाच्या अखेरीपर्यंतचे अंतर, ज्याला क्यूटी म्हणतात, ते दुरूनही लांबलेले दिसत होते. दुरुस्त करून मोजले तर 500 मिलिसेकंदांच्या पुढे. आई विचारत होती, "मॅडम, पोहताना न् पळतानाच का होतं हो हिला?"

त्या माउलीचा प्रश्न म्हणजे या विषयाचा गाभा होता. ॲड्रेनालिनने कॅल्शियमचा प्रवाह वाढतो तेव्हा ठोका लांबायला हवा. पण धावताना तर ठोके जवळजवळ येतात, म्हणजे प्रत्येक ठोका आखूड झाला पाहिजे. म्हणून तोच हुकूम त्याच वेळी पोटॅशियमच्या एका संथ चॅनेललाही जातो आणि त्याचा प्रवाह वाढवतो. आत घेण्याचे दार मोकळे करतानाच बाहेर काढण्याचेही मोकळे होते. हा हुकूम त्या चॅनेलच्या दाराशी नेऊन ठेवायला योतियाओ नावाचे एक बांधणी-प्रथिन असते. 2002 साली दिसले, की ते विकराला आणि चॅनेलला एका जागी धरून ठेवते. या चॅनेलचे जनुक बिघडले तर माणूस बसला असताना फारसे काही जाणवत नाही. पळताना, पोहताना, घाबरताना कॅल्शियम वाढते आणि पोटॅशियमचा प्रवाह साथ देत नाही. ठोका लांबतो, पेशी अवेळी पुन्हा उत्तेजित होतात आणि ताल सुटतो. लांब क्यूटीच्या पहिल्या प्रकारात पोहण्याचा संबंध इतका घट्ट आहे, की पाण्यात कोसळलेल्या मुलाचा ईसीजी काढल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. त्या मुलीला प्रोप्रॅनोलॉल सुरू झाले. हे औषध ॲड्रेनालिनचा हुकूमच मंद करते. पोहणे बंद झाले, धाकट्या भावाचाही ईसीजी काढला. ती आज नोकरी करते.

दुसऱ्या एका पोटॅशियम चॅनेलचे नाव एचईआरजी, डॉक्टरांच्या बोलण्यात 'हर्ग'. त्याच्या भावंड-जनुकात बिघाड असलेली फळमाशी ईथरची भूल दिल्यावर पाय थरथरवते, त्यावरून ते घराणे ओळखले गेले. माणसाच्या लांब क्यूटीशी त्याचा संबंध 1995 साली उघड झाला. या दाराची एक अडचण आहे: त्याच्या आतल्या पोकळीत नाना तऱ्हेची औषधे अडकून बसतात. ॲलर्जीवरचे टर्फेनाडिन आणि पोटाच्या तक्रारींवरचे सिसाप्राइड याच कारणाने अनेक देशांत मागे घ्यावे लागले, आणि 2005 पासून नव्या औषधाची हर्गवर चाचणी घेणे हा आंतरराष्ट्रीय नियम झाला. रक्तातले पोटॅशियम उतरले तर हर्ग आणखी दुबळे होते, पेशीच्या पृष्ठभागावरून कमीही होते. म्हणून दोन दिवस जुलाब झालेल्या माणसाने घरातल्या जुन्या चिठ्ठीवरची गोळी मनाने घेऊ नये, हे मी नातलगांना वारंवार सांगते. उलट बाजूही आहे. पोटॅशियम फार चढले तरी हृदय थांबू शकते. इथे उन्हाळ्यात दारोदार शहाळी विकायला येतात. मूत्रपिंडे अधू झालेल्या माणसाला डॉक्टर शहाळे वर्ज्य करतात ते याचसाठी.

काही गोष्टी पुढच्या प्रकरणांवर सोपवून इथे फक्त उल्लेखते. व्हेगस मज्जातंतू हृदयाला मंद करतो तो रसायनाच्या द्वारे, हे ओटो लोवी यांनी 1921 साली दोन बेडकांच्या हृदयांवर दाखवले. ते रसायन पोटॅशियमचे निराळेच दार उघडते. हृदयाचा ताल सुरू करणाऱ्या पेशींतला 'फनी' नावाचा प्रवाह, उपाशी पेशीत उघडणारी दारे, रात्री-दिवसा बदलणारी दारांची संख्या, हे सगळे पुढे येईल. सर्पगंधेचेही येईल. त्या मुळातून सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी 1931 साली दिल्लीत एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्यावरून त्याला अजमलिन नाव दिले. ते सोडियमची दारे अडवते. 1992 साली ब्रुगादा बंधूंनी वर्णन केलेला, झोपेत दगा देणारा हृदयविकार लपलेला असेल तर तो उघड करायला आज डॉक्टर तेच द्रव्य शिरेतून देऊन ईसीजी बघतात.

इथल्या कुंभेश्वराच्या देवळाबाहेर फुलवाल्या बायका अरळीचे हार ओवत बसतात. आपली कण्हेर आणि पिवळी बिट्टी ती हीच. महादेवाला ती प्रिय, आणि तिच्या बियांत जहरी विष. ते विष चॅनेलला हातही लावत नाही. सोडियम बाहेर फेकून पोटॅशियम आत ओढणारा जो पंप अहोरात्र चालू असतो, तो बंद पाडते. धरणच रिकामे झाले तर बांधावरचा माणूस काय करणार? तमिळनाडूतल्या आणि श्रीलंकेतल्या डॉक्टरांना या विषाचे रोगी नेहमी बघावे लागतात. म्हणून पंपाचे प्रकरण मी चॅनेलांच्या आधी घातले आहे.

मराठीतून हे लिहिताना शब्दांसाठी मी पुष्कळ अडले. तंजावूर इथून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे 1798 ते 1832 राज्य केलेल्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभा केला, वैद्य आणि डॉक्टर एका छताखाली आणले, डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे ठेवली. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. ते पाहिल्यावर मराठीत वैद्यकाचे नवे ज्ञान लिहिणे हा काही अनोखा उद्योग नव्हे, अशी उमेद आली. तरीही 'आयनमार्गिका' आणि 'वाहिनी' लिहून पाहिले आणि खोडले. रोग्याचे नातलग, नर्स, डॉक्टर सगळे 'चॅनेल' म्हणतात, मीही तेच ठेवले. नियमनाच्या जागी मात्र जिथे जमेल तिथे दारे धरणे, मोडणे, बांधणे, पाळी, असेच लिहिले.

वडील जाऊन बारा वर्षे झाली. भावाने शेतात ठिबक बसवले आहे, रात्री कोणाला उठावे लागत नाही. त्याचा मुलगा यंदा वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला गेला. हस्तलिखित वाचून त्याने फोन केला, "आत्या, दारं धरणं म्हणजे नक्की काय करायचे आजोबा?" म्हणून पहिल्या प्रकरणात, चॅनेलच्या आकृतीच्या आधी, मी एक साधी आकृती वाढवली आहे: दंड, तीन सऱ्या, आणि मधल्या सरीच्या तोंडाशी घोट्यापर्यंत पाण्यात उभे दोन पाय.